कुस्त्यांच्या दिवशीचा पुकारा

पेटी वाजली. पहिल्या दिवशी नाही, दुसऱ्याही नाही, पण वाजली. आणि अशी खणखणीत वाजली की समोरच्या सलूनमधलं गिऱ्हाईक अर्धी दाढी आणि अर्धा फेस घेऊन रस्त्यावर आलं.

आता हे वाक्य खोडलं असं समजा. पेटी वाजली नाही. मी तसं लेखी दिलेलं आहे. खाली सही आहे, सहीवर शिक्का आहे. तर ही न वाजलेल्या पेटीची गोष्ट.

सात वर्षांपूर्वी मार्च महिन्यात वडूजमध्ये आमच्या दुकानासमोर एक टेम्पो थांबला. मागून आधी एक शेळी उतरली, मग दुसरी शेळी, मग साठीच्या एक बाई, आणि त्यांच्यामागून चौघांनी धरलेली एक लाकडी पेटी. शेळ्यांना कुणी धरलं नव्हतं. त्या आपल्या आपण दुकानात आल्या.

"शेरडं काय बघतोस? कर्णा बघ," बाई म्हणाल्या.

"मावशी, मला कपाट वाटलं."

"आगाव बोलू नगंस. काकाला बोलव तुझ्या."

"काका वर गेले."

"माडीवर?"

"त्याच्याही वर. दोन वर्षं झाली."

"लई गुणाचा माणूस हुता," त्या म्हणाल्या, आणि मला खालपासून वरपर्यंत बघून घेतलं. "मग आता तूच हाईस म्हण की."

मीच होतो. चोवीस वर्षांचा. काकांनी मागं ठेवलेल्या पाटीवर 'रेडिओ, ट्रान्झिस्टर, टेप दुरुस्त करून मिळतील' असं लिहिलं होतं आणि मी मिक्सर आणि मोबाइलचे चार्जर दुरुस्त करत होतो. एकदा एका आजोबांचं कानातलं यंत्र दुरुस्त केलं होतं. त्यानंतर त्यांना जे थोडंफार ऐकू यायचं तेही बंद झालं. गावात माझा लौकिक कामापेक्षा बोलण्याबद्दल जास्त होता.

बाईंचं नाव हौसाबाई. गाव खोलवडी. पेटी म्हणजे तिथल्या बिरोबाच्या देवळातला जत्रेचा जुना लाउडस्पीकर. देवळाचं नवं बांधकाम निघालं तेव्हा जुनं सामान भंगारात चाललं होतं, त्यातून त्यांनी ती मागून घेतली होती.

मी पेटीभोवती एक फेरी मारली. छातीएवढी उंच, सागवानी, पुढं जाळीचं कापड. कापडावर हळद, कुंकू, तेल आणि त्यावर ऑइलपेंट, असे इतके थर की आवाजाला बाहेर यायचं तर आधी अर्ज करावा लागला असता. दरवर्षी जत्रेच्या पहिल्या दिवशी देवाच्या आधी पेटीची पूजा व्हायची म्हणे. देव रुसला तर पाऊस जातो, पेटी रुसली तर जत्रा जाते. मागचं झाकण काढलं. आतल्या लोखंडावर जिथं कंपनीचं नाव असतं, तिथं कुणीतरी कानशीनं घासून सगळं साफ केलेलं. नाव नाही, नंबर नाही, काही नाही.

"दोन गोष्टी सांगायच्या," हौसामावशी म्हणाल्या. "हा कर्णा जत्रंतला जुना, त्योच हाय का. आणि त्यो चालू हुता का बंद."

"चालू करून देतो की."

"मी चालू कर म्हणाले का? अडुसष्ट साली, चैतात, कुस्त्यांच्या दिवशी दुपारी. चालू हुता का बंद हुता, एवढं सांग. आणि कागदावर लिहून दे."

आमच्याकडं लोक वस्तू जिवंत करायला आणतात. शवविच्छेदनाला आणलेली ही पहिलीच. मी काहीतरी विनोद करणार होतो, पण मावशी तोवर स्टुलावर बसल्या होत्या आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली होती.

"माझी धाकटी भन त्या जत्रंत चुकली. पाच वर्षांची. मी चौदाची. तिचा हात माझ्याच हातात हुता. मग न्हवता. मी पळत मंडपात गेले, पुकारायला सांगितलं. आई ह्या कर्ण्याच्या खाली बसल्याली, गाडीतळाला. तिला काय आईकूच आलं न्हाई."

"मग बहीण?"

"न्हाई गावली."

टेम्पोवाला बाहेर हॉर्न देत होता. मावशींनी तिकडं बघितलंही नाही.

"बा गेला. दोघी भनी गेल्या. आई हाय अजून, माझ्यापाशीच. एकूणपन्नास वर्सं झाली, रोज दिवेलागणीला इचारती, हौसे, पुकारलंवतंस का गं? मी म्हणती, पुकारलंवतं. ती म्हणती, मग मला कसं आईकू आलं न्हाई? झालं. दुसऱ्या दिशी परत. आता आठ दिस झालं, अन्न सोडलंय तिनं. पेज घातली तर थुकती. डाक्टर म्हणला, न्या घरी. पण दिवेलागण झाली की इचारती." मावशींनी पेटीवर हात ठेवला. "कर्णा बंद हुता असं कुणी जाणत्यानं लिहून दिलं, तर वाचून दावीन. शिक्का लागंल. शिक्क्याबिगर ती कुणाचं आईकत न्हाई."

त्या गेल्या. एक शेळी राहिली होती, ती न्यायला परत आल्या, आणि पुन्हा गेल्या.

मी पेटीच्या दोन तारा अँप्लिफायरला जोडल्या. चूं नाही की चां नाही. पेटी मेलेली. त्याच दुपारी 'बंद' असं लिहून दिलं असतं तर सगळं तिथंच संपलं असतं, आणि ते खोटंही ठरलं नसतं. पण मला हुशारी करायची होती. बंद आहे हे खरं. पण कधीपासून, हे सांगायचं तर बिघाड सापडायला हवा. जाणत्या माणसाचा दाखला हवा होता ना त्यांना? मी दोन दिवसांत जाणता व्हायचं ठरवलं.

आतला कागदी कोन हळूच सोडवला. एका बाजूला तो फाटला होता आणि फाटल्या जागी कणकेच्या खळीनं एक कागद चिकटवलेला. ओल्या कापसानं वरची धूळ टिपली तशी अक्षरं दिसायला लागली. जत्रेचं पत्रक होतं ते. 'श्री बिरोबा प्रसन्न, मौजे खोलवडी, चैत्र, शके १८९०, कुस्त्यांचे जंगी म'. पुढचं मैदान फाटलेलं होतं.

शके १८९० म्हणजे १९६८. पेटी त्याच जत्रेतली. अर्धं काम झालं होतं. मी स्वतःलाच चहा पाजला.

उरलेल्या अर्ध्यासाठी दस्तगीरचाचांना बोलावलं. चाचा तंबूतल्या सिनेमाचं मशीन चालवायचे. जिल्ह्यातल्या एकूण एक जत्रा त्यांनी आतून बघितलेल्या. आता डोळ्यांत मोतीबिंदू होता, म्हणून ते वस्तू हातानं आणि नाकानं बघायचे. त्यांनी पेटी टकटक वाजवली, आत नाक घातलं, मग लोखंडावरून अंगठा फिरवला.

"कंपनी नाही हिला," चाचा म्हणाले. "आत विलायती माल आहे, बाहेर कऱ्हाडच्या सुताराची पेटी. लढाई संपल्यावर मिलिटरीचं सामान पुण्याच्या जुन्या बाजारात यायचं. नाव घासूनच यायचं. नाव नसलेलं कुणाचं म्हणून विचारणार?"

"बिघाड काय आहे चाचा?"

"तारा किती निघाल्यात आतून?"

"चार."

"जोडल्यास किती?"

"दोन."

चाचा हसले. "अरे बेटा, मेलेली नाही ही. उपाशी आहे. हल्लीच्या स्पीकरात लोहचुंबक असतं. हिच्यात नाही, हिला वीज देऊन चुंबक बनवावं लागतं. दोन तारा बोलण्याच्या, दोन तारा जेवणाच्या. नवा अँप्लिफायर आणला लोकांनी आणि नुसत्या बोलण्याच्या जोडल्या. बिचारी गप्प बसली."

"कधी आणला नवा अँप्लिफायर?"

"बहात्तरच्या दुष्काळात जत्रा भरलीच नव्हती. त्याच्या पुढच्या वर्षी आणला. मी होतो तिथं."

"आणि कोन फाटला होता तो?"

"फाटला तरी वाजतं. जरा फरफरतं, एवढंच."

या ठिकाणी माणसाला काहीतरी कळायला हवं होतं. मला कळलं ते एवढंच, की पेटी वाजणार. जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओतून मी वीजपुरवठ्याचा भाग काढला, जेवणाच्या तारांना जोडला. पेटीतून आधी घुंऽऽ असा आवाज आला, झोपेतून उठवलेल्या माणसासारखा, आणि मग ती शांत झाली. नुसती शांत नव्हे. ऐकायला बसल्यासारखी शांत.

हौसामावशी ठरल्याप्रमाणे सकाळी अकराच्या एसटीनं येणार होत्या. त्या रस्ता ओलांडताना दिसल्या. मी माइक हातात घेतला, नाक चिमटीत धरलं आणि जत्रेतल्या पुकारणाऱ्याचा आवाज काढला:

"हॅलो, हॅलो! खोलवडी गावच्या हौसाबाई जिथं कुठं असतील तिथून त्यांनी ताबडतोब मंडपात यावं! त्यांची पेटी सापडलेली आहे हो!"

सलूनमधलं गिऱ्हाईक बाहेर आलं ते तेव्हा. रस्त्यावरचे लोक हसले, कुणीतरी शिट्टी मारली. मी अजून एकदा पुकारलं. तिसऱ्यांदा पुकारणार तोच दिसलं, मावशी रस्त्याच्या मधोमध खाली बसल्या आहेत. एक जीप त्यांच्यापुढं थांबून राहिली होती.

मी त्यांना धरून दुकानात आणलं. पाणी दिलं. त्या ते प्यायल्या नाहीत, हातात धरून बसल्या.

"वाजतोय," त्या म्हणाल्या.

"हो."

"तवाबी वाजत हुता?"

मी चाचांचं सगळं सांगितलं. सांगतानासुद्धा मला वाटत होतं की मी शाबासकी मिळण्यासारखं काहीतरी सांगतो आहे. बोलता बोलता माझा आवाज आपोआप लहान होत गेला. शेवटी म्हणालो, "मावशी, पण तुम्ही पुकारायला सांगितलंच होतं ना? मग आईंना ऐकू कसं आलं नाही?"

"तिचं नाव काय हुतं म्हाईत हाय का तुला?"

"नाही."

"नकुसा. मी पहिली, मागं दोन पोरी, आणि चौथी ही. आमच्याकडं पोरी लई झाल्या की शेवटचीचं नाव नकुसा ठेवत्यात. म्हंजे देवाला समजतं, आता पोरगी नगं, आता पोरगा दे." त्या सरळ आवाजात सांगत होत्या, रेशनकार्डावरची नावं वाचावीत तशा. "मंडपात गेले. सांगितलं, नकुसा चुकली. तिथं चौघं बसलेली, पान खात. एक म्हणला, नकुसा गेली? मग पुकारायचं कशाला, पेढं वाट की. समदी हसली. मंडपाच्या भाईर माणसं उभी, तीबी हसली. मी चौदा वर्सांची. मला तोंड वर करवंना."

"मग?"

"भाईर आले. मंडपाला वळसा घातला. दुसऱ्या बाजूनं आत गेले, दुसऱ्या माणसापाशी. त्यो म्हणला, नाव? मी म्हणलं, शालिनी."

"शालिनी?"

"मास्तरांच्या पोरीचं नाव हुतं. दोन येण्या, लाल रिबनी. तिला कुणी हसत न्हवतं." मावशींनी ग्लास खाली ठेवला. "बापाचं नाव इचारलं, ते भ्यानं सांगितलं न्हाई. बा मारंल. म्हणलं, भन मंडपात उभी हाय एवढं सांगा. त्यानं पुकारलं. चांगलं तीनदा पुकारलं. शालिनी नावाची पाच वर्षांची मुलगी. मी उभी राहिले दिवस बुडंपातूर. येणार कोण? तिला स्वतःला म्हाईत न्हवतं ती शालिनी हाय म्हणून."

समोर गिऱ्हाईक पुन्हा खुर्चीत जाऊन बसलं होतं. सलूनवाला वस्तरा परजत आमच्याकडं बघत होता.

"एकूणपन्नास वर्सं म्हणत आले, कर्णा बंद आसंल. बंद आसंल तर मग काय बी पुकारलं तरी सारखंच की. न्हाई का?"

मी उठलो. पेटीच्या चारही तारा काढल्या. त्यातल्या जेवणाच्या दोन तारा मुळापाशी पकडीनं तोडल्या. मग पावतीपुस्तकातला कोरा कागद घेतला आणि लिहिलं: 'दाखला. खोलवडी येथील श्री बिरोबा यात्रेतील लाकडी पेटी समक्ष तपासली. पेटी यात्रेतीलच आहे. सन १९६८ साली कुस्त्यांच्या दिवशी सदर पेटी पूर्णपणे बंद होती. त्या दिवशी तिच्यातून कोणताही पुकारा झालेला नाही.' खाली सही केली. दुकानात शिक्का एकच होता, 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असा. तोच मारला.

मावशींनी कागद उलटा धरून बघितला. शिक्का बघितला. "तूच चल वाचायला," म्हणाल्या. "माझ्या तोंडनं तिला पटायचं न्हाई."

दुपारी आम्ही खोलवडीत होतो. मावशींच्या आई, यसाआजी, पडवीत वाकळेवर पडलेल्या. इतक्या लहान झाल्या होत्या की आधी मला नुसती वाकळच दिसली.

"कोण हाय गं?"

"कर्ण्याचा मेस्त्री हाय, आई. त्यानं तपासलाय. कागुद आणलाय, शिक्क्याचा."

मी दाखला वाचला. बातम्या देणाऱ्याच्या आवाजात, एकेक शब्द सुटा.

"खोटं हाय," यसाआजी म्हणाल्या.

"आजी, शिक्का आहे."

"शिक्का आसंल. बंद कुठला? समदी दुपार डोस्क्यावर बडवत हुता. हितली कुस्ती सुटली, तितली लागली. आणि ती कुणाची शालिनी चुकल्याली, तिचं तर तीन डाव पुकारलं. मला चांगलं याद हाय."

मावशी चुलीपाशी उभ्या होत्या. हातात पेजेची वाटी होती. ती हलली नाही.

"मी शेजारणीला म्हणलं, कुणाची गं बाई लेक, आईच्या जिवाला काय वाटत आसंल. तितंच बसून पदर पसरला. बिरोबाला म्हणलं, ज्याची तिला दे बाबा. तवा ठावंच न्हवतं, आपलीबी..." आजी थांबल्या. धाप लागली होती. मग मान जराशी वळवली.

"हौसे, ती शालिनी गावली का गं?"

मी दाखल्याची घडी घालत बसलो. आधी दोन, मग चार, मग आठ.

"गावली," हौसामावशी म्हणाल्या.

"कवा?"

"त्याच दिशी. तिच्या आईनं आईकलं. पळत आली मंडपात."

"आईकलंच आसंल," यसाआजी म्हणाल्या. "बरं झालं. एकीची गावली, एकीची न्हाई. देव तरी एका दिशी किती हुडकील."

मग त्यांनी तोंड उघडलं. मावशी खाली बसल्या आणि त्यांनी चमच्यानं पेज घातली. आजींनी ती गिळली. दुसरा चमचा घातला, तोही गिळला. वाटी निम्मी झाली. मी एसटीच्या वेळेपर्यंत तिथंच होतो. मावशींनी दिवा लावला, देवाला हात जोडले, आणि पाठ करून तशाच उभ्या राहिल्या, रोजच्या प्रश्नाची वाट बघत. यसाआजींनी काही विचारलं नाही. त्यांना झोप लागली होती.

चौथ्या दिवशी त्या गेल्या.

तेराव्यानंतर हौसामावशी दुकानात आल्या. पेटीकडं त्यांनी बघितलं नाही. "तू कागुद बरा लिवतोस," म्हणाल्या. "एक अर्ज लिही पंचायतीला. नाव बदलून पायजे."

"कुणाचं?"

"तिचं. बारशाला पोराचं नाव कानात सांगत्यात. हिचं कर्ण्यावर सांगितलं, तीन डाव, समद्या जत्रंच्या कानात. झालंच की बारसं. नुसतं दप्तरात लावायचं ऱ्हायलंय."

मी अर्ज लिहिला. ग्रामपंचायतीतल्या क्लार्कनं तो वाचला, पुन्हा वाचला, आणि म्हणाला की ज्या मुलीचं नाव बदलायचं तिची सही लागेल. मावशी परत आल्या आणि मी शेवटी दोन वाक्यं वाढवली. त्याची प्रत माझ्याकडं आहे, ती खाली देतो.

प्रति,
मा. निबंधक, जन्म-मृत्यू नोंदणी,
ग्रामपंचायत खोलवडी.

विषय: मुलीच्या नावात दुरुस्ती होऊन मिळणेबाबत.

महोदय,
उपरोक्त विषयास अनुसरून अर्ज सादर करते की, माझी धाकटी बहीण नकुसा हिचे नाव जन्मनोंदीत चुकीचे लागले आहे. सदर मुलीचे वय आज रोजी अंदाजे चोपन्न वर्षे असून ती सन १९६८ पासून कुस्त्यांच्या मैदानाच्या आसपास आहे. जुन्या नावाने तिला हाक मारणारे घरात आता माझ्याशिवाय कोणी राहिलेले नाही, व मला त्या नावाने हाक मारावयाची नाही. करिता 'नकुसा' हे नाव कमी करून त्या जागी 'शालिनी' असे लावण्यात यावे. मुलीची सही आवश्यक असल्याचे आपल्या कार्यालयाकडून समजले. तरी सदर मुलगी समक्ष हजर होऊन सही करेपर्यंत कार्यालयाचे दार उघडे ठेवण्यात यावे व तोपर्यंत हा अर्ज निकाली काढण्यात येऊ नये, ही नम्र विनंती.